फुंकरीचा पाठ

देवळामागच्या ज्या लांबट खोलीला आमच्या गल्लीत अजूनही पाठशाळा म्हणतात, त्या खोलीत मी चौतीस वर्षे संथा दिली. संथा म्हणजे गुरूने एकदा म्हणायचे आणि शिष्यांनी दोनदा म्हणायचे, असा नित्याचा पाठ. शाळेतली संस्कृत शिक्षकाची नोकरी दिवसा, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे, पहाटे व सायंकाळी, ही खोली. पुढे मुले कमी होत गेली. शेवटी एकच विद्यार्थी उरला. त्यालाही त्याच्या वडिलांनी नाशिकला नेले, आणि एका पाडव्याला मी खोलीला कुलूप घालून किल्ली देवघराच्या कोनाड्यात ठेवली. माझ्या गुरुजींनी जे माझ्या हाती दिले, ते पुढे घेणारा एकही मनुष्य मी या शहरात उभा करू शकलो नाही. हे वाक्य कागदावर उतरवायला मला बरीच वर्षे लागली.

ती किल्ली मागायला एक मुलगी आली. वैजापूरकडची, चष्मा लावणारी, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी. आमच्याच गल्लीत आणखी दोघींबरोबर भाड्याच्या खोलीत राहत असे. रविवारी शाळकरी मुलांना जमवून त्यांच्याकडून हाताने वस्तू करवून घ्यायच्या, असे तिच्या मनात होते आणि त्यासाठी जागा हवी होती.

"कॉलेजात आम्ही मोटार फळ्यावर शिकतो, गुरुजी," ती म्हणाली. "बारावीपर्यंत मी साधा पेचकस हातात धरला नव्हता. आमच्या शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटाला काच होती. काचेतून बघायचो."

तिच्याबरोबर तिचा वर्गमित्र होता. त्याच्या वडिलांचे शहागंजला मोटार वाइंडिंगचे दुकान, जळालेल्या मोटारींची तार काढून नवी भरून देण्याचे. तो मुलगा उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला होता. बोलणे संपत आले तेव्हा तो अदबीने म्हणाला, की सामान तो बाहेरूनच देत जाईल, मला अडचण होणार नाही. मी रोज संध्या करणारा, शेंडी राखलेला म्हातारा. मुसलमानाचे आत येणे मला चालणार नाही, असा निष्कर्ष त्याने माझ्याकडे पाहून काढला, यात त्याचा काही दोष नव्हता. पण मला माझीच लाज वाटली. मी म्हणालो, "चपला तेवढ्या बाहेर काढ. बाकी सगळा आत ये."

पहिल्या रविवारी गल्लीतली आठ मुले आली. मी शंकित मनाने दाराशी बसलो होतो. सोल्डरिंगची तापलेली दांडी, जिला ही मुले नुसते 'गन' म्हणत, तिचे टोक कथलाच्या तारेला लागले आणि पांढऱ्या धुराची एक रेघ वर चढली. तो वास माझ्या ओळखीचा होता. मी विचारले तेव्हा मुलीने सांगितले की तारेच्या पोटात राळ असते, ती जळते. आमच्या देवळात सणावाराला जो धूप जाळतात त्यात तीच राळ. शंकेचा निम्मा भाग तिथेच गळून पडला. उरलेला निम्मा, एका सहावीतल्या मुलीने स्वतः जोडलेला दिवा पेटवला आणि कोणाला न सांगता विझवून पुन्हा पेटवला, तेव्हा गेला. मी फक्त खिडक्या उघडायला आणि पंखा लावायला सांगितले. धूर देवाचा असला तरी मुलांच्या छातीला बाधतो.

तिथून ते वाढत गेले. आठाची पंचवीस झाली, गल्लीच्या मुलांमागून महापालिकेच्या शाळेची आली. शहागंजच्या दुकानातून जळालेल्या मोटारी पोत्यात भरून येऊ लागल्या, आणि त्या खोलून पाहणे हा मुलांचा सर्वांत आवडता खेळ झाला. शिकवणारेही वाढले. कॉलेजातली पोरे रविवारची झोप सोडून येत. पुढे संस्थेची नोंदणी करायचे ठरले. तेव्हा वकिलांनी सुचवले की सात जणांच्या यादीत एखादा पांढऱ्या केसांचा असावा, म्हणून मुलांनी मला अध्यक्ष केले. माझे काम एवढेच, की भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाण्याचे दिवस लाल पेन्सिलीने मांडायचे. ज्या दिवशी गल्लीत नळाला पाणी येते त्या दिवशी कोणीही आपले मूल घराबाहेर पाठवत नाही. आमच्या भागात पाणी कितव्या दिवशी येणार हे पंचांगही सांगू शकत नाही, म्हणून ती पेन्सिल सारखी खोडावी लागे.

तिसऱ्या वर्षी दोन लोखंडी पेट्या एस.टी.च्या टपावर चढवून ही मुले तालुक्याच्या शाळांत जाऊ लागली, आणि तिथेच एक अडचण दिसू लागली. शिकवणारी मुले दरवर्षी बदलत. पहिल्या वर्षी त्यांना काही येत नसे, चौथ्या वर्षी नोकरीच्या मुलाखती सुरू होत. मधल्या दोन वर्षांत शिकायचे आणि शिकवायचेही. एकाने दुसऱ्याला सांगितलेले तिसऱ्याकडे जाईपर्यंत काहीतरी सांडून जाई. एका शाळेत सगळ्या दिव्यांची बॅटरी उलटी जोडली गेली. दुसऱ्या शाळेत बटण बसवायचेच राहिले आणि पोरांना दिवा विझवण्यासाठी तार उपटावी लागली. छापील सूचना दिल्या होत्या. त्या पेटीच्या तळाशी, पक्कडीखाली, तेलकट होऊन पडलेल्या असत.

आजवर मी न मागता कोणाला सल्ला दिला नव्हता, तो तेव्हा दिला. म्हणालो, कागद हरवतो, पाठ हरवत नाही. आमच्या वेदपाठात शब्द असा बांधतात की त्यातला एक कणही निसटत नाही. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा, अशी साखळी करून म्हणायचे. मग त्याच जोड्या सरळ, उलट आणि पुन्हा सरळ. कुठे एक कडी सुटली की लगेच ऐकू येते.

मुले हसली. एक मुलगी मात्र हसली नाही. ती सोयगावची, दुसऱ्या वर्षात होती. काटक, वेणी घट्ट घातलेली, आणि बोलण्यात तिकडचा रोखठोकपणा. म्हणाली, "गुरुजी, एक म्हणून दाखवा की."

मी गुरुजींनी शिकवलेला एक मंत्र साखळी करून म्हणून दाखवला. तिने लक्ष देऊन ऐकला आणि विचारले, "मधीच का थांबलात? दोन टायमाला तिथंच थांबलात."

"तिथे थांबायचे असते," मी म्हणालो, आणि विषय पुढे नेला.

दिव्याच्या बारा पायऱ्या ठरल्या. सगळ्यांपुढे चष्मेवाल्या मुलीने एक दिवा करून दाखवला आणि बाकीच्यांनी तो पाहत एकेक पायरी टिपली. टिपून झाल्यावर पाठ सुरू झाला. मी एकच नियम घातला होता, जो मला माझ्या गुरुजींनी घातला होता: शिकवणाऱ्याने जे जे केले ते ते घ्यायचे, आपल्या बुद्धीने काही गाळायचे नाही, काही घालायचे नाही. महिन्याभरात त्या खोलीत पुन्हा सामूहिक आवाज घुमू लागला. 'तार सोल-पीळ दे, पीळ दे-टोक ठेव, टोक ठेव-पीळ दे, पीळ दे-टोक ठेव.' देवळात येणाऱ्या बायका दारात थांबून ऐकत, आणि एकीने मला विचारले की हे कोणत्या देवाचे स्तोत्र. सोयगावची मुलगी सर्वांत पुढे होती. ती म्हणे, "आता झोपंत बी दिवा होईल." मला जे सुख झाले ते मी कोणाला दाखवले नाही.

माघात चष्मेवाल्या मुलीला पुण्याला आणि तिच्या वर्गमित्राला चेन्नईला नोकरी लागल्याचे कळले. जुलैत जायचे होते. पेढे देऊन झाल्यावर ती माझ्यासमोर पाटावर बसली आणि तिने मनातले सांगून टाकले. ती आणि तिचा वर्गमित्र या दोघांशिवाय एक कार्यशाळा नीट पार पडली तरच संस्था चालू ठेवायची. नाहीतर नोंदणी रद्द करून सामान शाळांना वाटून टाकायचे.

"नुसत्या नावानं चालवायची नाही, गुरुजी. बोर्ड आहे आणि काम नाही, असलं मला नको."

मी होकार दिला. तिचे म्हणणे रास्त होते. पण ती गेल्यावर मी कोनाड्याकडे पाहत बराच वेळ बसलो. एकदा या खोलीला मी कुलूप घातले होते. तेच या वयात पुन्हा करायचे बळ माझ्यात नव्हते.

पहिली परीक्षा शहरातल्याच मुलींच्या एका शाळेत झाली. शिकवायला सोयगावची मुलगी आणि तिचे पाच सोबती. मीही गेलो होतो. एकही पायरी चुकली नाही. सगळे दिवे लागले, टाळ्या झाल्या, मुख्याध्यापिकाबाईंनी मला नारळ दिला. परतताना रिक्षात मी मनातल्या मनात गुरुजींना नमस्कार केला.

आठ दिवसांच्या आत शाळेचा शिपाई एक कापडी पिशवी घेऊन आला. पिशवीत दिवे होते. काही लागतच नव्हते, काही हलवले की लागत आणि टेबलावर ठेवले की जात.

चष्मेवाली मुलगी ती पिशवी मांडीवर घेऊन खोलीच्या मध्यभागी बसली. एक दिवा काढून हलवी, तो लुकलुके, मग बाजूला ठेवी. शेवटी म्हणाली, "संपलं, गुरुजी."

सोयगावची मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती रडली नाही. "एक बी पायरी चुकली नाय," ती म्हणाली. "म्हणून दाखवते." आणि तिने तिथेच उभ्याने बारा पायऱ्या म्हटल्या, सरळ म्हटल्या, साखळीने म्हटल्या, उलट-सुलट म्हटल्या. कुठेही कडी सुटली नाही. मला त्याचीच भीती वाटली. पाठ निर्दोष होता आणि दिवा विझलेला होता. म्हणजे चूक त्या मुलीत नव्हती. ती पाठात होती, आणि पाठाची रीत माझी होती.

शहागंजच्या मुलाने दोन दिवे वडिलांना दाखवायला नेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील स्वतःच स्कूटरवरून आले. तीन वर्षे त्यांच्या दुकानातून पोती येत होती, पण ते स्वतः कधी आले नव्हते. चपला काढल्या, मला सलाम केला, सतरंजीवर बसले आणि खिशातून एक भिंग काढून दिव्याच्या पोटात पाहू लागले.

"गुरुजी, ये सब ड्राय सोल्डर है," ते म्हणाले. मग माझ्यासाठी दखनी मिसळलेल्या मराठीत त्यांनी समजावले. चांगला टाका, म्हणजे कथलाचा सांधा, आरशासारखा चमकतो. हा राखेसारखा मळकट आहे. कथील घट्ट होत असताना त्याला कोणीतरी हलवले आहे किंवा एकदम गार केले आहे. असा टाका पहिल्या दिवशी धरतो आणि चार दिवसांनी आतून तडकतो.

त्यांनी सोयगावच्या मुलीला समोर बसवून एक दिवा करायला लावला. तिने तोंडाने पुटपुटत, हाताने करत पायऱ्या घेतल्या. तार सोलली, पीळ दिला, टोक ठेवले, कथील सोडले, दांडी उचलली, आणि नवव्या पायरीला खाली वाकून टाक्यावर हलकी फुंकर मारली.

"बेटा," ते म्हणाले, "चाय है क्या ये?"

खोलीत दोघेतिघे हसले. ती मुलगी गोंधळली. "नववी पायरी हाय ती, चाचा. शिकवलंय आम्हाला."

कोणी शिकवले, असे त्यांनी विचारले. तेव्हा सगळ्यांच्या माना चष्मेवाल्या मुलीकडे वळल्या. तिला ते खरेच वाटेना.

"मी? मी कधी फुंकते?"

तिचा वर्गमित्र शांतपणे म्हणाला, "हर बार फुंकतेस. तीन साल बघतोय."

"ते तर चष्म्यावर धूर येतो म्हणून..." ती म्हणाली आणि थांबली.

मग एकेक करत सगळे उलगडले. दांडी उचलल्यावर ती मनातल्या मनात तीनपर्यंत मोजत असे. तेवढ्यात टाका घट्ट होई. त्यानंतर चष्म्यापुढचा धूर घालवायला ती एक फुंकर मारी. मोजणे मनात होते, ते कोणाला ऐकू आले नाही. फुंकर दिसत होती, ती टिपली गेली. पाठात मोजणे नव्हते आणि फुंकर होती, आणि माझ्या साखळीने ती फुंकर अशी घट्ट बांधली होती की कोणाच्या हातून सुटणे शक्य नव्हते. सगळ्यांना हसू येऊ लागले होते, चाचांनाही. चष्मेवाली मुलगी मात्र डोळ्यांवरचा चष्मा काढून ओढणीने पुसत राहिली.

त्या वेळी गप्प बसणे हे खोटे बोलण्यासारखेच झाले असते. मी सोयगावच्या मुलीला म्हणालो, की तू मला त्या दिवशी विचारलेस, मधेच का थांबलात. त्याचे खरे उत्तर मी दिले नाही. माझ्या गुरुजींना दमा होता. त्या मंत्रात एका ठिकाणी त्यांना श्वास पुरत नसे, म्हणून ते थांबत. आम्ही सगळे शिष्य तिथेच थांबू लागलो. पुढे एका गुरुबंधूने मला हे सांगितले, तेव्हा मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही. आणि थांबणे चालू ठेवले.

"म्हंजी तुम्ही तुमच्या गुरुजींची धाप पाठ केली?" तिने विचारले.

"होय."

"आन् तुमच्या विद्यार्थ्यांनी?"

"त्यांनीही."

चाचांनी भिंग खिशात ठेवले आणि आपली गोष्ट सांगितली. त्यांचे उस्ताद विडी ओढत ओढत तार गुंडाळायचे. "पहले साल मैंने भी बीड़ी पकड़ ली थी, गुरुजी. मुझे लगा उसके बग़ैर कॉइल नहीं बैठती."

त्यावर जे हसू फुटले ते मी विसरणार नाही. मीही हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतक्या वर्षांचे एक ओझे, जे ओझे आहे हेच मी मान्य केले नव्हते, ते त्या विडीने उतरवले.

दुसऱ्या दिवसापासून पाठ बदलला. साखळी राहिली, पण प्रत्येक पायरीनंतर समोरच्याने 'का?' म्हणायचे आणि म्हणणाऱ्याने कारण सांगायचे, असे ठरले. ज्या पायरीला कारण सांगता येत नाही, ती तात्पुरती बाजूला ठेवून जाणकाराला विचारायची. तसे करताना आणखी एक गंमत सापडली. सामानाची पेटी उघडण्यापूर्वी सगळे तिच्या डाव्या अंगाला एक थाप मारत. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी आठवले की पहिल्या जुन्या पेटीची कडी अडकत असे. ती पेटी मोडीत जाऊन दीड वर्ष झाले होते, आणि नव्या पेट्या बिचाऱ्या विनाकारण मार खात होत्या. मी स्वतः त्या मंत्रात अजूनही तिथे थांबतो. गुरुजींची आठवण म्हणून थांबतो, आणि कोणी विचारले तर आता कारण सांगतो.

मुलींच्या शाळेत ती सगळी मुले पुन्हा गेली. झालेली चूक त्यांनी वर्गासमोर सांगितली, चष्म्यासकट, आणि प्रत्येक टाका त्या त्या मुलीकडूनच नव्याने करून घेतला.

राहिली खरी परीक्षा. चूक पाठातली होती, म्हणून चष्मेवाली मुलगी आणखी एक कार्यशाळा घेऊन पाहायला तयार झाली होती. जूनच्या शेवटी, वैजापूरला. चष्मेवाल्या मुलीची स्वतःची शाळा, काचेच्या कपाटाची. ती शाळा तिनेच निवडली होती आणि तिथे आपण जायचे नाही हेही तिनेच ठरवले होते. अगदीच अडले तर फोन करायचा, एरवी नाही, असा करार होता. सोयगावची मुलगी आणि तिचे पाच जण पहाटेच्या एस.टी.ने दोन पेट्या घेऊन निघाले. त्यांना निरोप देऊन मी पूजेला बसलो. त्या दिवशी जपाच्या माळेवर बोट तीनदा एकाच मण्यावर अडले.

अकराच्या सुमारास चष्मेवाली मुलगी आली. म्हणाली, डब्यातले स्क्रू लावून ठेवते. स्क्रू लावलेलेच होते. तिने ते सतरंजीवर ओतले आणि पुन्हा लावायला घेतले. थोड्या वेळाने तिचा वर्गमित्र आला, त्याला एक पक्कड परत करायची होती म्हणे. फोन मधल्या पाटावर ठेवला होता. आम्ही तिघेही त्याच्याकडे न पाहण्याची पराकाष्ठा करत होतो. दोनच्या सुमारास तो वाजला आणि मुलीच्या हातून डबा सांडला. कोणीतरी तिला कर्ज हवे आहे का असे विचारत होते. तिने इतक्या कळवळून "नको हो दादा" म्हटले की तिचा मित्र भिंतीकडे तोंड करून हसत राहिला.

पुन्हा फोन वाजला नाही. तीन वाजले, चार वाजले. कार्यशाळा संपण्याची वेळ होऊन गेली. एखादी गोष्ट न घडण्याची वाट मी आयुष्यात इतक्या आतुरतेने कधी पाहिली नव्हती.

दिवेलागणीला मुले परतली. पेट्या खाली ठेवल्या, पाणी प्यायली. सोयगावच्या मुलीने आधी रस्त्याचीच कथा सांगितली. बाजार समितीपुढे कांद्याच्या गाड्या अशा अडकल्या होत्या की शेवटचा तुकडा पेट्या हातावर घेऊन चालावे लागले. चष्मेवाली मुलगी काही न विचारता तिच्या तोंडाकडे पाहत होती. मग सोयगावची म्हणाली, "ताई, एक पोरगी वाकली बघा फुंकायला. मी तिच्यापाशी जाईस्तोवर बाजूचीनं तिचा हात धरला. म्हणली, थांब, अजून घट्ट झालं नाय, आतून तडकंल."

"बाजूचीनं?"

"व्हय. सातवीतली."

चष्मेवाल्या मुलीने मान खाली घातली. पण ती हुशार होती. उत्साहाचा लोभ तिने आवरला. म्हणाली, दिवे पहिल्या दिवशी मागेही लागले होते. आठ दिवस थांबू.

आठ दिवस थांबलो. नवव्या दिवशी सकाळी वैजापूरच्या मुख्याध्यापकांचा फोन आला, तो अध्यक्ष म्हणून माझ्याच फोनवर. ते सावकाश बोलणारे गृहस्थ होते आणि त्यांनी आधी माझी प्रकृती विचारली, मग पाऊसपाणी. सगळे दिवे चालू होते. एक सोडून. ते पुढे सांगत होते की ज्या मुलीचा तो दिवा, तिने घरी तो स्वतःच उघडला, टाका मळकट दिसला म्हणून गावातल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेली, त्यांची दांडी मागून घेतली आणि तीनपर्यंत मोजून टाका नव्याने केला. आता तोही चालू आहे. दुकानदार विचारत होता की ही पोरे पुन्हा कधी येणार.

मी फोन ठेवला आणि देवासमोर नुसता बसलो. सगळे दिवे पहिल्या फटक्यात टिकले असते तरी मला इतके हलके वाटले नसते. एक बिघडला होता, आणि तो दुरुस्त करायला आमच्यातल्या कोणाचीही गरज पडली नव्हती.

पुण्याला निघण्याच्या आदल्या दिवशी चष्मेवाली मुलगी पाया पडायला आली आणि रीतीप्रमाणे खोलीची किल्ली माझ्या हाती ठेवली. मी ती कोनाड्यात नेली नाही. सोयगावची मुलगी कपाटाशी सामान मोजत होती, तिला हाक मारली आणि किल्ली तिला दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली.

"कुलूप उघडायची काही पायरी हाय का, गुरुजी?"

"आहे. किल्ली फिरवताना दार जरा आपल्याकडे ओढायचे."

"का?"

"पावसाळ्यात चौकट फुगते."

तिने बाहेर जाऊन दाराला कुलूप लावले, मग दार ओढून किल्ली फिरवली, आणि कुलूप उघडले.